वैमानिकाची चूक

दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां अमेरिकेच्या हवाई दलाच्या दप्तरांत एका विचित्र अपघाताची नोंद वारंवार होऊं लागली. बी-१७ जातीचें चार इंजिनांचें अवजड बाँबफेकी विमान लांबचा पल्ला मारून तळावर परत येई. चाकें जमिनीला टेकत, विमान धांवपट्टीवरून सरळ धांवूं लागे. आणि आतां सर्व कांहीं निर्विघ्नपणें पार पडलें असें वाटावें तोंच त्याचीं चाकें मिटूं लागत आणि तें प्रचंड धूड पोटावर बसून फरफटत जाई. प्रोपेलरचीं पातीं वांकत, इंजिनें निकामी होत. चौकशीसाठीं आलेला अधिकारी यंत्र तपासून पाही. यंत्रांत कांहींहि बिघाड सांपडत नसे. मग कागदावरील कारणाच्या रकान्यांत तो दोनच शब्द लिही: वैमानिकाची चूक.

नोंद खोटी होती असें म्हणतां येत नाहीं. चाकें मिटण्याचा खटका वैमानिकाच्याच हातानें दाबला गेलेला असे आणि तेथें दुसऱ्या कोणाचा हात पोंचणेंहि शक्य नसे. परंतु ज्या माणसानें आठ आठ तास विमान हांकून तें सुखरूप जमिनीवर आणलें, त्यानेंच शेवटच्या क्षणीं तें आपल्या हातानें कां मोडावें, हा प्रश्न त्या रकान्यांत मावणारा नव्हता. कोणी केलें, एवढें ठरलें कीं चौकशी संपे. कां केलें, हें विचारण्याची रीत अद्यापि पडावयाची होती.

अपघाताचें मूळ माणसाच्या स्वभावांत शोधण्याची प्रवृत्ति त्या वेळीं कांहीं नवी नव्हती. पहिल्या महायुद्धांतील इंग्लंडमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांचा अभ्यास करून ग्रीनवुड व वुड्स या दोघांनीं १९१९ सालीं असें दाखविलें कीं, अपघात सर्वांच्या वांट्याला सारखे येत नाहींत. थोड्या माणसांच्या वांट्याला ते पुष्कळ येतात. पुढें १९२६ च्या सुमारास अशा माणसांना अपघातप्रवण असें नांवहि मिळालें. नांव मिळालें म्हणजे कारण सांपडलें असें वाटूं लागतें. तसेंच येथें झालें. व्यवस्थापकांना ही कल्पना अतिशय सोयीची वाटली. चुकणारीं माणसें परीक्षा घेऊन आधींच वेगळीं काढावीं, उरलेल्यांना कडक शिस्त लावावी आणि यंत्र जसेंच्या तसें ठेवावें, असा हा मार्ग होता. एखादा मास्तर दरवर्षीं त्याच उदाहरणांत निम्मा वर्ग चुकतो हें पाहूनहि पुस्तकाकडे न पाहतां मुलांचे कान धरतो, त्यांतलाच हा प्रकार.

या मार्गानें किती दूर जातां येतें, याची परीक्षा बी-१७ च्या जन्माच्या वेळींच होऊन गेली होती. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं ओहायो संस्थानांतील राइट फील्ड या तळावर बोइंग कंपनीचें मॉडेल २९९ नांवाचें विमान परीक्षेसाठीं आणलें होतें. हेंच पुढें बी-१७ झालें. विमान चालविणारे मेजर प्लॉयर हिल हे अनुभवी परीक्षक वैमानिक होते. विमान जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें सुकाणूचे भाग हलूं नयेत म्हणून ते अडकवून ठेवण्याची जी सोय त्या विमानांत होती, ती उड्डाणापूर्वीं सोडावयाची राहून गेली. विमान उडालें, नाक वर करून तीव्रतेनें चढलें, हवेंतच थबकलें आणि खालीं कोसळलें. हिल आणि बोइंगचे परीक्षक लेस्ली टॉवर हे दोघेहि या अपघातांत प्राणास मुकले. येथें वैमानिक नवशिका होता असें म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हां सैन्यांतील वैमानिकांनीं एक साधी युक्ति योजिली: उड्डाणापूर्वीं, उतरण्यापूर्वीं व उतरल्यानंतर करावयाच्या गोष्टींची लहानशी यादी करून ती वाचीत वाचीत एकेक गोष्ट तपासावयाची. या यादीनें विस्मरणावर चांगला उपाय झाला आणि बी-१७ जातीचीं पुढें १२,७३१ विमानें बांधलीं गेलीं. परंतु जी चूक विस्मरणाची नव्हतीच तिच्यावर यादी काय करणार? धांवपट्टीवर चाकें मिटणारा वैमानिक कांहीं विसरत नव्हता. तो यादींतलेंच एक काम करावयास गेला होता आणि त्याच्या हातून दुसरेंच घडत होतें.

आल्फोन्स चॅपॅनिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ १९४२ सालीं राइट फील्ड येथील वैद्यकीय प्रयोगशाळेंत रुजू झाला. त्याला बी-१७ च्या या अपघातांचें कोडें उलगडावयास सांगण्यांत आलें, तेव्हां त्यानें वैमानिकांची बुद्धि मोजण्याऐवजीं विमानांत जाऊन बसणें पसंत केलें. वैमानिकाच्या आसनावरून पाहतां उत्तर समोरच होतें. विमान उतरवितांना वेग कमी व्हावा व पंखांचा उठाव मात्र कायम रहावा म्हणून पंखांच्या मागल्या कडेचे फ्लॅप खालीं वळविलेले असतात. जमिनीवर आल्यावर ते परत वर घ्यावयाचे असतात. हे फ्लॅप वर घेण्याचा खटका आणि चाकें मिटण्याचा खटका हे दोन्ही बी-१७ मध्यें एकमेकांच्या शेजारीं होते आणि दोघांचा आकार व दाबण्याची रीत तंतोतंत एक होती. थकलेला वैमानिक नजर बाहेर धांवपट्टीवर ठेवून हात खटक्याकडे नेई, आणि बोटांना हा कोणता व तो कोणता हें कळण्याला कांहींच साधन नसे.

परंतु केवळ एवढ्यावरून निकाल देणें घाईचें झालें असतें. दोन खटके सारखे आहेत म्हणूनच चूक होते, हें कशावरून? थकव्यानें होत नसेल कशावरून? याचें उत्तर चॅपॅनिसला दुसऱ्या विमानांत मिळालें. बी-२५ व पी-४७ या विमानांच्या वैमानिकांकडूनहि हीच चूक होत असे. सी-४७ च्या वैमानिकांकडून मात्र ती होत नसे. हें सी-४७ म्हणजे आपल्या लोकांच्या चांगल्या परिचयाचें डाकोटा विमान. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरच्या विमानतळावर हिंदी सैन्याची पहिली तुकडी उतरली ती याच विमानांतून. डाकोटाचे वैमानिक कांहीं निराळ्या मातीचे घडविलेले नव्हते. त्याच सैन्यांतून ते निवडले जात आणि त्यांनाहि थकवा येत असे. फरक एवढाच कीं, डाकोटामध्यें चाकांचा दांडा आणि फ्लॅपचा दांडा हे भिन्न तऱ्हेचे व भिन्न जागीं बसविलेले होते. माणूस तोच, थकवा तोच, आणि चूक मात्र एका विमानांत आहे व दुसऱ्यांत नाहीं. तेव्हां चुकेचें बीज कोठें आहे तें वेगळें सांगावयास नको. विज्ञानाच्या इतिहासांत दुर्बिणी व परीक्षानळ्या यांचें कौतुक फार होतें. दोन वस्तु शेजारीं ठेवून पाहण्याच्या या जुन्या साधनाचें तितकें होत नाहीं.

उपायहि कारणाला साजेसाच निघाला. चाकांच्या खटक्याच्या टोंकाला रबराचें एक लहानसें चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविण्यांत आला. आतां अंधारांतहि बोटांना चाक लागलें कीं चाकें, पाचर लागली कीं फ्लॅप. विमानाचें इंजिन बदलावें लागलें नाहीं, कीं वैमानिकाला नवें शिक्षण द्यावें लागलें नाहीं. खटके सारखे करून ठेवणाऱ्या आरेखकालाहि दोष देण्याचें कारण नव्हतें. दोन सारख्या वस्तु शेजारीं शेजारीं मांडल्या तर कागदावर आकृति सुबक दिसते आणि कारखान्यांत एकाच सांच्यावर काम भागतें. त्यानें त्या वस्तु दिवसाच्या उजेडांत मेजावर पाहिल्या होत्या. वैमानिकाला त्या रात्रीं, न पाहतां, वापरावयाच्या होत्या.

याच सुमारास इंग्लंडमध्यें केंब्रिज येथें केनेथ क्रेक या स्कॉटिश तरुणानें निराळ्या बाजूनें याच प्रश्नाला हात घातला होता. सर फ्रेडरिक बार्टलेट यांच्या प्रयोगशाळेंत त्यानें स्पिटफायर विमानाच्या कॉकपिटचा उपयोग करून एक न उडणारें विमान तयार केलें. त्यांत बसलेल्या वैमानिकानें दांडा हलविला कीं समोरचीं उपकरणें खऱ्या उड्डाणाप्रमाणें हलत. तास दोन तास या खोट्या विमानांत बसलेल्या खऱ्या वैमानिकांचें निरीक्षण करतां करतां जें आढळलें तें मोठें उद्बोधक आहे. थकलेल्या माणसाचे स्नायु थकत नव्हते. त्याची कसोटी सैल होत होती. आरंभीं जो कांटा रेसभर सरकला तरी त्याचा हात लगेच पुढें होई, तोच कांटा पुढें कितीतरी सरकला तरी त्याला कांहीं वाटेनासें होई. समोरचीं मुख्य उपकरणें तो पाही, पण कडेला असलेला पेट्रोलचा मापक त्याच्या ध्यानांतून निसटे. उड्डाण संपत आलें असें वाटलें कीं ढिलाई एकदम वाढे. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, आपलें काम बिघडत चाललें आहे याचा त्याला पत्ताच नसे. कांहींजणांना तर आपण उत्तरोत्तर चांगलें चालवीत आहों असें वाटे, आणि बिघाड दिसलाच तर तो यंत्राचा आहे अशी त्यांची तक्रार असे. माणूस कसा वागतो हें त्यालाच विचारून भागत नाहीं, वागतांना पहावें लागतें, हा धडा येथें मिळाला.

क्रेक १९४४ सालीं नव्या उपयोजित मानसशास्त्र विभागाचा पहिला संचालक झाला. ७ मे १९४५ रोजीं, युरोपांतील विजयदिनाच्या आदल्या दिवशीं, केंब्रिजमध्यें सायकलवरून जात असतां झालेल्या अपघातांत तो मरण पावला. वय अवघें ३१ वर्षांचें होतें.

त्याच विभागांतील नॉर्मन मॅकवर्थ यानें १९४८ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. रडारच्या पडद्याकडे पाहत बसलेल्या पहारेकऱ्यांच्या नजरेंतून शत्रूच्या खुणा निसटतात, याला आळशीपणा म्हणावा कीं दुसरें कांहीं, हें त्याला पहावयाचें होतें. त्यानें आंकडे नसलेलें एक घड्याळ केलें. त्याचा कांटा दर सेकंदाला एक उडी मारी, आणि मधूनच केव्हांतरी दुप्पट उडी मारी. ती दिसली कीं बटन दाबावयाचें. दोन तासांच्या या पहाऱ्यांत पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसाची पकड सुटूं लागते असें आढळून आलें. हीं माणसें कामचुकार नव्हतीं. अशा कामाला दोन तास बसविणेंच गैर होतें.

राइट फील्डवर परत यावयाचें तें पॉल फिट्स याच्यासाठीं. १९४५ सालीं तेथें मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली आणि तिचें प्रमुखत्व त्याच्याकडे आलें. फिट्स व त्याचा सहकारी रिचर्ड जोन्स यांनीं चौकशीच्या रकान्यांवर विसंबून न राहतां वैमानिकांनाच प्रश्न केला; आणि प्रश्नाची रचना फार शहाणपणानें केली. विमानांतील एखादा दांडा किंवा खटका वापरतांना तुमच्या स्वतःच्या हातून घडलेली, किंवा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातून घडलेली चूक सविस्तर सांगा, असा तो प्रश्न होता. दुसऱ्याची चूकहि चालेल असें म्हटल्याबरोबर माणसाची जीभ सैल होते. शिवाय येथें सांगितलेल्या गोष्टीसाठीं कोणाला शिक्षा व्हावयाची नव्हती. ज्या शाळेंत चूक कबूल करणाऱ्या मुलाला छडी बसते त्या शाळेंत चुकांची खरी यादी कधींच तयार होत नाहीं, हें मास्तरांना ठाऊक असतें. पण लष्करी तळावर ही गोष्ट अमलांत आणणें सोपें नव्हतें.

अशा ४६० हकीकती गोळा झाल्या आणि १९४७ सालीं त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वृत्तान्ताच्या शीर्षकांत वैमानिकाची चूक हे शब्द अवतरणचिन्हांत घातलेले होते. तें चिन्ह हेंच अर्धें म्हणणें होतें. या ४६० पैकीं निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या: हात एका दांड्याकडे निघाला आणि दुसऱ्यावर पडला. दांडा हवा त्याहून अधिक किंवा उणा हलविणें आणि एखादी गोष्ट करावयाची विसरणें या दोहोंच्या वांट्याला शेंकडा १८ प्रमाणें आल्या. दांडा उलट दिशेला फिरविणें शेंकडा ६, नकळत धक्का लागणें ५, आणि हातच न पोंचणें ३. भित्रेपणा, उतावीळपणा, निष्काळजीपणा असले रकाने या कोष्टकांत नाहींत. चुकणाऱ्या माणसाच्या गुणदोषांवरून वर्गवारी न करतां चुकेच्या आकारावरून केली, यांतच खरी क्रांति होती. कारण वर्गवारी तशी केल्याबरोबर प्रत्येक वर्गावरचा उपाय डोळ्यांसमोर येऊं लागतो.

एक उदाहरण पहावें. इंजिनाचा वेग, प्रोपेलर आणि पेट्रोल-हवेचें मिश्रण यांचे तीन दांडे वैमानिकाच्या हाताशीं असतात. बी-२५ विमानांत ते डावीकडून वेग, प्रोपेलर, मिश्रण असे लावलेले होते. डाकोटांत प्रोपेलर, वेग, मिश्रण असे. आणि सी-८२ मध्यें मिश्रण, वेग, प्रोपेलर असे. आज एक विमान चालविणाऱ्याला उद्यां दुसऱ्यांत बसविलें जाई. त्याचा हात पहिल्या विमानांत जें शिकला तें दुसऱ्यांत इमानानें करी, आणि नेमकें तेंच घातक ठरे. पेटी वाजविणाऱ्याच्या समोर प्रत्येक मैफलींत निराळ्या क्रमानें सूर लावलेली पेटी ठेवावी आणि सूर चुकला म्हणून त्याला बेसूर म्हणावें, असाच हा न्याय होता. येथें चूक घडत होती ती शिक्षण कमी पडल्यामुळें नव्हे, तर शिक्षण पक्कें मुरल्यामुळें.

त्याच वर्षीं त्यांनीं उपकरणें वाचण्यांतील २७० चुकांचा दुसरा वृत्तान्त दिला. त्यांत उंचीमापक ठळकपणें पुढें आला. या उपकरणाला तीन कांटे असत: शेंकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. तीन कांट्यांवरून एक संख्या जुळवितांना हजार फुटांची चूक अगदीं सहज होई. तासकांटा दोन आंकड्यांच्या मध्यें असतांना किती वाजले हें मुलांना शिकवितांना किती खटपट पडते हें ज्यांना माहीत आहे, त्यांना ढगांत, एका दृष्टिक्षेपांत, तीन कांट्यांचें घड्याळ वाचणाराची अडचण समजेल. खालीं डोंगर असला तर हजार फुटांची चूक दुरुस्त करण्याला दुसरी संधि मिळत नाहीं.

या पद्धतींत एक उणीव होती आणि ती सांगितली पाहिजे. फिट्स व जोन्स यांना हकीकती मिळाल्या त्या जिवंत राहिलेल्या माणसांच्या. ज्यांची चूक प्राणघातक ठरली ते उत्तर देण्यास राहिले नव्हते. शिवाय क्रेकच्या प्रयोगानें दाखविल्याप्रमाणें आपण काय केलें याची माणसाची आठवण पुष्कळदां सदोष असते. तरीहि पुष्कळ माणसें स्वतंत्रपणें एकाच जातीची चूक सांगूं लागलीं म्हणजे त्या साक्षीला वजन येतें.

दांड्यांना स्पर्शानें ओळखतां येतील असे आकार कोणते द्यावे याचे प्रयोग डोळे झांकलेल्या वैमानिकांवर करण्यांत आले आणि युद्धोत्तर काळांत हे आकार विमानबांधणीच्या नियमांत शिरले. आजहि प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी व फ्लॅपच्या दांड्याची मूठ पंखाच्या पट्टीसारखी असावी असा नियम आहे. स्वतः चॅपॅनिस यानें १९४९ सालीं दोन सहकाऱ्यांसह या नव्या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिलें. १९५५ सालीं त्यानें आणि मेरी लुट्झ हिनें टेलिफोनच्या दहा बटनांवर कोणता आंकडा कोठें असेल अशी लोकांची अपेक्षा असते, याचा शोध घेतला. बहुतेकांनीं १, २, ३ वरच्या ओळींत घातले, हिशेबाच्या यंत्रावर ते खालीं असतात तरीहि. पुढें बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत निरनिराळ्या मांडण्या माणसांच्या हातांत देऊन पारखण्यांत आल्या आणि १९६३ सालीं बटनांचा टेलिफोन बाजारांत आला, तो त्याच मांडणीचा. आज घरोघरीं खिशांत असलेल्या फोनवर आंकडे तसेच आहेत.

इतकें झाल्यावर हा धडा सर्वत्र शिकला गेला असेल अशी समजूत होणें साहजिक आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे चार वाजतां अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया संस्थानांत हॅरिसबर्ग शहराजवळ थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत जें घडलें त्यानें ती समजूत पुसून काढली. दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टींत पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले, दाब वाढला आणि तो सोडण्यासाठीं असलेली एक झडप आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटावयास हवी होती. ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रणकक्षांतील फलकावर या झडपेचा एक दिवा होता. तो विझला, आणि चालकांनीं झडप मिटली असें धरलें. परंतु त्या दिव्याची जोडणी झडपेशीं नव्हतीच. झडपेला मिटण्याचा हुकूम गेला, एवढेंच तो सांगत होता. हुकूम गेला होता. पाळला गेला नव्हता.

त्यानंतर कांहीं मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या. खरी गोष्ट ज्यावरून कळली असती तो एक मापक फलकाच्या मागल्या अंगाला होता. नोंदी छापणारें यंत्र इतकें मागें पडलें कीं त्याच्या कागदावर उमटणारी माहिती शिळी झालेली असे. चालकांना शिक्षणांत पढविलें होतें कीं यंत्रणा पाण्यानें काठोकाठ भरूं देऊं नये. एक मापक पाणी फार झालें असें दाखवीत होता. म्हणून त्यांनीं आपत्कालीन पाणी कमी केलें, आणि उघड्या झडपेवाटे होतें तेंहि पाणी जात राहिलें. झडप अडकल्याचें ध्यानांत येण्यास सव्वादोन तासांहून अधिक वेळ गेला. तोंवर अणुभट्टीचा गाभा वितळूं लागला होता.

चौकशीसाठीं अध्यक्ष कार्टर यांनीं गणिती जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला. ऑक्टोबर १९७९ मध्यें त्याचा अहवाल आला. चालकांनीं अयोग्य कृति केली हें आयोगानें लपविलें नाहीं. परंतु त्यांनीं तसें कां केलें या प्रश्नाच्या मागें लागून तो शिक्षण, फलकाची मांडणी, गोंधळाच्या सूचना आणि जुन्या घटनांची उपेक्षा येथपर्यंत गेला. कारण दीड वर्षापूर्वींच, सप्टेंबर १९७७ मध्यें, ओहायोंतील डेव्हिस-बेसी केंद्रांत तशीच झडप अडकली होती आणि तेथील चालकांनींहि आरंभीं पाणी कमीच केलें होतें. दोन केंद्रांतील निराळीं माणसें एकाच रीतीनें चुकलीं होतीं. ही बातमी थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत पोंचविण्याचें काम मात्र कोणी केलें नव्हतें.

दुसऱ्या क्रमांकाची ती अणुभट्टी पुन्हां सुरू झाली नाहीं. इतर केंद्रांना मात्र नियम घालून देण्यांत आला कीं, या झडपेचा दिवा यापुढें हुकमाच्या तारेला नव्हे, तर प्रत्यक्ष झडपेच्या स्थितीला जोडलेला असावा.